‘सौदामिनी’ला धक्का, उष्णता आणि वजनही हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दोन भागांत येत असलेल्या विज्ञानकथेचा पहिला भाग मी दोनदा वाचला. गोव्याच्या उत्तर टोकावरील तेरेखोलच्या किल्ल्यावर भर पावसात पहाऱ्याला उभा असलेला उद्याचा जवान आणि त्याच्या हातातली ‘सौदामिनी’ ही विजेवर चालणारी रायफल, दोन्ही लेखिकेने मनापासून रंगवले आहेत. मी लष्करात चोवीस वर्षे आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा, होतो. कोतातल्या (शस्त्रागारातल्या) रायफली उघडणे, पुसणे, बिघाड शोधणे आणि पुन्हा जोडून देणे यात माझी उमर गेली. त्यामुळे रायफल कथेतली असली तरी ती कोठे तापेल आणि कोठे अडेल, हे पाहिल्यावाचून मला राहवत नाही. दुसरा भाग छापून येण्यापूर्वी काही गोष्टी लेखिकेपर्यंत पोहोचाव्यात, यासाठी हे पत्र.

‘सौदामिनी’त काडतूस नाही, दारू नाही. नळीभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी एकामागे एक बसवलेली आहेत, चाप ओढताच त्यांतून क्रमाने वीज जाते आणि चार ग्रॅमची लोखंडी गोळी एका वेटोळ्याकडून दुसऱ्याकडे खेचली जात सेकंदाला ३,००० मीटर वेगाने बाहेर पडते. ही कल्पना पोकळ नाही. नॉर्वेतील प्राध्यापक क्रिस्टियान बिर्कलंड यांनी अशा तोफेचे पेटंट १९०१ सालीच घेतले होते. १९०३ मध्ये त्यांनी ती भर सभेत चालवून दाखवली, तेव्हा शॉर्ट सर्किट होऊन प्रचंड ठिणगी उडाली आणि प्रयोग फसला. त्याच विद्युतज्वाळेचा उपयोग त्यांनी पुढे हवेतील नायट्रोजनपासून खत बनवण्यासाठी केला, हे मला त्या तोफेहूनही मोठे वाटते.

कथेत एक बारकावा मात्र सुटला आहे. वेटोळे गोळीला ‘ढकलत’ नाही, आपल्या मध्याकडे ओढते. गोळी मध्यावर आली त्या क्षणी वीज तोडली नाही, तर तेच वेटोळे तिला मागे खेचते. कथा वाचून शेजारचा आठवीतला मुलगा माझ्याकडे आला होता. आम्ही पेनाच्या रिकाम्या नळीवर तार गुंडाळली, टॉर्चचे सेल जोडले आणि नळीच्या तोंडाशी खिळा ठेवला. खिळा सर्रकन आत गेला, मध्य ओलांडून किंचित पुढे सरकला, मागे आला आणि तिथेच थरथरत थांबला. “फौजी आजोबा, हा बाहेर का पडत नाही?” या त्याच्या प्रश्नात या रायफलीचे निम्मे मर्म आहे. गोळी कोठे पोहोचली हे ओळखून सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबाने प्रवाह तोडणारी यंत्रणा प्रत्येक वेटोळ्याला हवी. शिवाय वेटोळ्यातला प्रवाह एकाएकी तोडला की त्यात साठलेली ऊर्जा ठिणगीच्या रूपाने वाट शोधते, तिचीही सोय लावावी लागते. लेखिकेने एका वाक्यात याचा उल्लेख केला, तरी ‘सौदामिनी’ अधिक खरी वाटेल.

माझा मुख्य आक्षेप मात्र ‘दारू नसल्यामुळे धक्का नाही’ या वाक्याला आहे. धक्का दारूचा नसतो, पुढे जाणाऱ्या वस्तुमानाचा असतो. न्यूटनचा तिसरा नियम विजेच्या बंदुकीलाही सोडत नाही. आमच्या जुन्या ७.६२ मिमी एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) ची गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर, म्हणजे वस्तुमान (किलोग्रॅममध्ये) आणि वेग यांचा गुणाकार ८ येतो. दारूचे वायू गोळीपाठोपाठ सुसाट बाहेर पडतात, त्यांचा वाटा धरला की हा आकडा १२ च्या आसपास जातो. आता ‘सौदामिनी’ पाहा. चार ग्रॅम आणि ३,००० मीटर यांचा गुणाकारही १२ च येतो. म्हणजे या जवानाच्या खांद्याला एसएलआरइतकाच दणका बसेल, आणि रायफल अवघी तीन किलोची असल्याने ती अधिक झटक्याने मागे येईल. रंगरूट असताना दस्ता खांद्याशी घट्ट न धरल्यामुळे माझा खांदा काळानिळा पडला होता, हात वर करून सदरा घालता येत नव्हता. ते ठणकणे कथेतल्या जवानाच्याही वाट्याला यायला हवे.

‘आवाजाविना सुटणारी गोळी’ हेही पटत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. त्याहून वेगाने जाणारी गोळी वाटेतली हवा फाडत जाते आणि तिचा कडाका ऐकू येतोच. फायरिंग रेंजवर बटात, म्हणजे निशाण्यांखालच्या आडोशात, बसून निशाण्यांच्या नोंदी घेताना आम्हाला आधी डोक्यावरून गेलेल्या गोळीचा ‘कड्’ आवाज ऐकू यायचा आणि ३०० मीटरवरून रायफलीचा ‘धप्’ आवाज अर्ध्या सेकंदाने पोहोचायचा. ‘सौदामिनी’त तो मागाहूनचा ‘धप्’ नसेल. म्हणजे गोळी आली हे शत्रूला कळेल, पण कोठून आली ते कळणे अवघड जाईल. कथेच्या दृष्टीने ही गोष्ट अधिक उपयोगाची आहे.

आता ऊर्जेचा हिशेब. या गोळीत १८ किलोज्यूल ऊर्जा असेल आणि अर्ध्या मीटरच्या नळीतून ती सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात बाहेर पडेल. तेवढ्या क्षणापुरते बोलायचे, तर १,५०० वॅटचे ३६,००० गिझर एकदम चालू करण्याइतकी ही शक्ती आहे. बॅटरी ऊर्जा साठवते, पण इतक्या झपाट्याने देऊ शकत नाही, म्हणून मध्ये वीज साठवून क्षणात सोडणारा कपॅसिटर लागतो. घरातल्या पंख्याला असतो त्याच जातीचा, पण अजस्र. लहान कॉइलगनमध्ये (वेटोळ्यांच्या अशा बंदुकीत) विजेपैकी जेमतेम काही टक्के ऊर्जा गोळीला मिळते. मी सढळ हाताने १० टक्के धरतो. तरीही एका गोळीला १८० किलोज्यूल लागतील, आणि चांगल्या कपॅसिटरमध्ये किलोमागे एक-दोन किलोज्यूलच मावतात. म्हणजे किमान नव्वद किलो वजन, तांदळाच्या जवळजवळ दोन गोण्या. बॅटरीचे वजन त्या मानाने कमी, चाळीस गोळ्यांना आठ-नऊ किलो.

उरलेले ९० टक्के कोठे जातात? उष्णतेत. चाळीस गोळ्या झाडल्यावर वेटोळ्यांत आणि तारांत जी उष्णता साठेल, तिने बावीस लिटर पाणी उकळेल. आपल्या न्हाणीतले भाण (पाणी तापवायचे मोठे भांडे) चुलीवर आहे असे समजा. नेहमीच्या रायफलीत पितळेची पुंगळी बाहेर फेकली जाताना थोडी उष्णता सोबत नेते. शेजाऱ्याची तापलेली पुंगळी कॉलरमधून पाठीत उतरली, की ती किती नेते ते कळते! ‘सौदामिनी’ला ही वाट नाही.

आणि ती उभी आहे तेरेखोलला, जिथे खाडीवरून आणि समुद्रावरून दोन्हीकडून खारा वारा येतो. पावसाळ्यात दोन दिवस लक्ष दिले नाही तर तेल दिलेल्या पोलादावरही तांबूस ठिपके उठतात, तांब्यावर हिरवे कीट चढते. खारट ओल्या थरातून वीज आडवाटेने वाहते. हजारो व्होल्टचे शस्त्र भिजल्या हातात देण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक जोडाला रबरी सील आहे की नाही, हे माझ्यासारख्याने आधी तपासले असते. कथेत आर्मररच नाही, याची मला खंत वाटली.

एक प्रसंग मात्र फार आवडला. खाडीवर आलेले ड्रोन पाडताना, गोळी पलीकडच्या केरी गावावर जाऊ नये म्हणून जवान वेग कमी करतो. दारूच्या काडतुसात हे जागच्या जागी करता येत नाही, विजेच्या रायफलीत करता येते. तोच धागा पुढे न्यावा, असे मी सुचवेन. नेहमीचा वेग सेकंदाला ९०० मीटर ठेवला, तर एका गोळीला १६ किलोज्यूल पुरतील, कपॅसिटर आठ ते सोळा किलोंवर येईल आणि धक्का आजच्या ५.५६ रायफलीपेक्षा खरोखरच सुमारे एक तृतीयांशाने कमी होईल. एवढा भार एकट्याने वाहायचा नसतो. एलएमजीला (हलक्या मशीनगनला) जसा ‘नंबर दोन’, म्हणजे मदतीचा साथीदार, असतो, तसा या जवानालाही द्यावा. पाठीवर कपॅसिटर आणि बॅटरी, जाड केबल रायफलीपर्यंत, आणि पावसात दोघेही एकाच ताडपत्रीखाली. ३,००० मीटरचा वेग हवाच असेल, तर तटावर पक्की बसवलेली, खालून वीज आणि थंड करायला पाणी घेणारी दुसरी ‘सौदामिनी’ दाखवता येईल.

लेखिकेला वेटोळ्याचा तो प्रयोग पाहायचा असेल, तर त्यांनी वाळपईला जरूर यावे. मुलाने आता नळीत दोन बारीक तारा बसवल्या आहेत, खिळा त्यांना शिवला की प्रवाह तुटतो. परवा खिळा पहिल्यांदा नळीबाहेर आला आणि टेबलावर वीतभर जाऊन पडला.

कळावे,
आपला,
एक निवृत्त आर्मरर
वाळपई, सत्तरी