डायनिंग हॉलमधील गोंगाटाबाबत (दुसरं पत्र)

पुणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ज्येष्ठ नागरिक संकुलात मी आणि माझी पत्नी 2 वर्षांपासून राहतो. जेवणाबद्दल तक्रार नाही (आमटी अधूनमधून आळणी असते, पण तो विषय वेगळा). तक्रार जेवणाच्या हॉलची आहे.

दुपारी साडेबाराला साठेक माणसं एकदम जेवायला बसतात. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर उघडा स्लॅब, एका बाजूला अख्खी काच. पडदा म्हणून नाही. आवाज विरणार कुठे? लोखंडी खुर्ची सरकली की अंगावर काटा येतो. खरकट्या ताटांचा टब हॉलमध्येच ठेवलाय आणि त्यात स्टीलची ताटं वरून आदळतात.

मला श्रवणयंत्र आहे. ते बोलण्याबरोबर हा खणखणाटही मोठा करतं, म्हणून जेवताना ते काढून खिशात ठेवतो. पत्नी बोलते, मी मान डोलावतो. परवा तिने बहिणीला दवाखान्यात ठेवल्याचं सांगितलं. मी म्हणालो, "वा, छान!"

मागच्या पत्रानंतर आपण काय केलंत, तर 'कृपया शांतता राखा' अशी पाटी लावलीत. आम्ही हौसेने ओरडत नाही हो. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, मग शेजारच्या टेबलाचा त्याहून चढतो. शिवाय चार माणसांत बसून गप्पा मारत जेवता यावं म्हणून तर आम्ही इथे आलो.

निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, ती बाहेरच्या परिसरासाठी, हॉलला लागू नाही, हे आपल्या माणसाने मला ऐकवलं. कबूल. पण नातवाच्या मोबाईलवर आकडा 80 च्या आसपास होता. मोबाईलचं मोजमाप काटेकोर नसतं, तरी फरक किती ते बघा.

खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच बसवा, टब स्वयंपाकघराच्या दाराआड न्या, काचेला जाड पडदे लावा. एवढ्याला आर्किटेक्ट लागत नाही. छताला आवाज शोषणारे बोर्ड सावकाश लावलेत तरी चालेल.

15 दिवसांत लेखी उत्तर द्यावं. तोवर जेवण खोलीवर पोचवायचे जे जादा पैसे घेता, ते आमच्या बिलात लावू नयेत.

आपला,
बी विंगमधील एक रहिवासी