थांब, आईकडे देतो

ती. बाबांस व सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवरच सांगणार होतो. पण बाबा उचलतात, "बरा आहेस ना? थांब, आईकडे देतो" म्हणतात, आणि मला बोलायचं असतं ते नेमकं बाबांशी. म्हणून पत्र. आई, तूच वाचून दाखव. बाबांनी ऑपरेशनच्या डोळ्याला ताण द्यायचा नाही.

सोन्याला लातूरला पाठवत नाही. अकरावीचा प्रवेश इथेच घेतला, घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर. हॉस्टेलची अनामत बहुतेक गेली, ती माझी मी सोसतो. बाबांनी मोडलेल्या एफडीचे पैसे सोमवारी खात्यावर टाकतो. पुन्हा एफडीच करा, कुणाला उसने देऊ नका.

लातूर पॅटर्नला मी नावं ठेवत नाही. शाहू, दयानंद कॉलेजमधून किती खेड्यांतली पोरं डॉक्टर झाली ते मला माहीत आहे. पण नीटची परीक्षा इथूनही देता येते, ७२० मार्क सगळीकडे तेवढेच. क्लास इथेही आहेत. शिवाय त्याला बाहेरचं खाऊन पित्त होतं. (हे सगळं मी तुम्हाला पटवतोय की स्वतःला, कोण जाणे.)

खरं कारण वेगळंच आहे. मे महिन्यात हॉस्टेल बघून परत येत होतो. बार्शी सोडली, अंधार पडला. सोन्या काचेबाहेर बघत एकदम म्हणाला, "बाबा, मी इकडे आल्यावर फोन तुम्ही करणार, की आईच करणार?"

टेंभुर्णी आली तरी मला उत्तर सुचलं नाही.

बाबा, तुम्हाला आठवतं का? १९९६ला मी दहावीत गणितात उडालो. तुम्ही मारणार म्हणून आई मध्ये उभी राहिली होती. तुम्ही फक्त म्हणालात, "चल गाडीवर." तुमची कराड-चिपळूण एसटी, मुक्कामी. बॉनेटवर गोणपाट टाकून मला बसवलंत. पाटण गेलं, कोयनानगर गेलं, तुम्ही गप्प. कुंभार्लीत धुकं होतं, काच पुसायला माझ्या हातात फडकं दिलंत. पोफळी आल्यावर तोंड उघडलंत ते, "ज्या गिअरात चढ काढायचा, त्याच गिअरात उतार काढायचा. नुसत्या ब्रेकवर गाडी सोडायची नाही." गणिताचं नावच नाही. रात्री स्टँडवर मला तुमच्या घोंगडीत घेतलंत आणि मी झोपलोय असं समजून केसांवरून हात फिरवलात. मी जागा होतो.

पुढे तसा हात कधी फिरला नाही. दोष देत नाही हं. डबल ड्युट्या कुणासाठी केल्यात ते कळत होतं. आणि मी तरी कुठे जवळ येत होतो? मिसरूड फुटलं की पोरगं बापाला लाजतं, आणि बापही पोराला.

सोन्याला समोर बसवून विचारलं तर "काही नाही" यापलीकडे शब्द निघत नाही. शेजारी बसवून दोघांच्या नजरा रस्त्याला लागल्या की बोलतो. तुम्हाला हे तेव्हाच ठाऊक होतं, मला आत्ता कळलं. आता रोज संध्याकाळी क्लासला मीच सोडतो. मागे बसून माझ्या खांद्यावर हात ठेवतो. उतरताना पटकन काढून घेतो, मित्र बघतील म्हणून. जातो तर दोन वर्षांनी कुठेतरी जाणारच आहे. तोवर राहू दे माझ्याजवळ.

आणखी एक. तुमच्याकडे आला की पहाटे पाचला पांघरूण ओढायचं नाही. या वयात झोपच उशिरा येते आणि आठ ते दहा तास लागते, डॉक्टरच सांगतात. आळशी नाही तो. पहिला प्रश्न मार्कांचा विचारायचा नाही. त्याच्या केसांबद्दलही काही बोलायचं नाही, मी बोलून पस्तावलोय.

गिझरवाला गुरुवारी येईल. आई, त्याला चहा दे, पण बाथरूममध्ये दांडी बसवून घेतल्याशिवाय सोडू नकोस. तुझ्या गुडघ्यांसाठी आहे ती, टॉवेल वाळत घालायला नाही. बाबा, बंब आता माळ्यावर. वाकून फुंकर मारताना दिसलात असं शेजारच्या काकूंकडून कळलं तर मी रजा टाकून येईन. बीपीची गोळी चुकवायची नाही. ड्रॉप्स आईच्याच हातून घालून घ्यायचे, आरशात बघून स्वतः नाही. रागवायचं असेल तर रागवा, पण वेळेवर जेवा.

रविवारी सकाळी नऊला फोन करतो. सोन्या बोलेल. बाबा, फोन आईकडे द्यायचा नाही. काही सुचलं नाही तर त्याला कुंभार्ली कुठल्या गिअरात उतरवायचात तेवढं सांगा. मी त्याला ते अजून सांगितलेलं नाही, तुमच्यासाठी ठेवलंय.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, मेतकूट संपलं. घाई नाही.