ठेव मोडू नका

बडोदे, १० नोव्हेंबर २०२४

प्रिय आई आणि पपा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

पपा, माझ्यासाठी बँकेतली ठेव मोडण्याचा अर्ज तुम्ही भरून ठेवला आहे, असे आईकडून कळले. फोनवर हा विषय काढला की तुम्ही फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहिते आहे. तो अर्ज कृपया फाडून टाका. मी मकरपुऱ्यातल्या एका लहान कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम स्वीकारले आहे. पगार पूर्वीच्या निम्म्याहून थोडा अधिक आहे आणि इंदूरला परत यायचे नाही, हे ठरवूनच होकार दिला. घराजवळ म्हणून पीथमपूरलाही विचारून पाहिले होते, खरेच पाहिले होते. परंतु तिथे रात्रपाळी होती आणि रात्री दोनला दार उघडायला तुम्हीच उठला असता. तुमचे पैसे नकोत म्हणजे तुमचा आधार नको, असे मुळीच नाही. ती ठेव तुमच्या मोतीबिंदूची आणि आईच्या गुडघ्यांची आहे.

इथे माझे हाल नाहीत. नवी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, दूध साडेसहाला दारात येते आणि डबा देणाऱ्या बाई मराठी असल्यामुळे आमटीत गूळ बेताने पडतो.

ऑगस्टमध्ये इथली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा माझी नोकरी जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. ते तुम्हाला महिनाभर सांगितले नाही, याची टोचणी अजून आहे. वीज नव्हती, खाली माझी स्कूटर हँडलपर्यंत पाण्यात होती आणि मी मेणबत्तीजवळ बसून बायबलमधले, पौलाने तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र सलग वाचून काढले. चारच अध्याय आहेत. पौल बेड्यांत आहे, पहिल्या जबाबाच्या वेळी त्याच्या बाजूने कोणीही उभे राहिलेले नाही, आणि या तुरुंगातून आपण सुटू असे तो म्हणत नाही. तरीही ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याला मी ओळखतो आणि माझी ठेव राखायला तो समर्थ आहे, असे तो लिहितो. आपल्या मराठी शास्त्रात शब्द ‘ठेव’ हाच आहे, पपा. लहानपणी मला वाटायचे की पौलाचेही सियागंजच्या बँकेत खाते असावे. मी इतकी वर्षे भरवसा पगाराच्या तारखेवर ठेवून होते आणि प्रार्थना सवयीने करत होते, हे मला त्या रात्री कळले. पुढे काय होईल, हे आजही मला ठाऊक नाही. मात्र झोप लागते.

त्याच पत्राच्या शेवटी पौल त्रोवस गावी राहिलेला झगा घेऊन यायला सांगतो आणि हिवाळ्यापूर्वी ये, असेही बजावतो. प्रेषितालाही थंडी वाजत होती, याचा मला फार आधार वाटतो. ते वाचताना तुमचा तपकिरी कोट आठवला. नाताळची गीते गाऊन परतताना मी स्कूटरवर पुढे उभी असे आणि तुम्ही कोटाच्या दोन्ही बाजू माझ्यावर ओढून घेत असा. पलासियापासून घरापर्यंत मला रस्ता दिसत नसे, डांबरगोळ्यांचा वास तेवढा येत असे.

तेव्हा आता माझे ऐकायचे. पहाटे पाचचे फिरणे फेब्रुवारीपर्यंत बंद. सातनंतर, ऊन आल्यावर जायचे, तेही कानटोपी घालून. रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून सोडायची नाही. काकांच्या वेळी काय झाले, ते आठवा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटासाठी आणलेला नाही. रविवारी उपासनेला दोघांनीही रिक्षानेच जायचे. चालत आलात म्हणून पाळकसाहेब काही जास्त आशीर्वाद देत नाहीत. बोलणे कडक झाले असेल तर रागावू नका, इतक्या लांबून माझ्या हातात एवढेच आहे.

मी २३ डिसेंबरला पोहोचते, तिकीट काढले आहे. आई, तो कोट ट्रंकेतून काढून दोन दिवस उन्हात टाक. त्याचे अस्तर फाटले असेल, तर तू शिवायला बसू नकोस, मी आले की बघते.

तुमची लेक