रविवारची सायकल राइड : बोपदेव घाट चढायचा, दिवे घाट उतरायचा

मंडळी, येत्या रविवारी पहाटे 5.30 ला पुण्यातल्या लुल्लानगर चौकातून निघू. 5.40 नंतर कुणासाठी थांबणार नाही, फोनही करू नका.

मार्ग : कोंढवा – बोपदेव घाट – सासवड (मिसळ, चहा) – दिवे घाट – हडपसर. साधारण 50 किमी.

– हेल्मेट नाही तर राइड नाही. मागचा लाल दिवा चालू हवा.
– स्पेअर ट्यूब, पंप, दोन बाटल्या पाणी ज्याचं त्याने आणायचं.
– बोपदेवला शर्यत नको. हलका गिअर आधीच टाका. ऐन चढावर बदलायला गेलात तर चेन उतरते. धाप लागली तर खुशाल ढकला. माथ्यावर सगळे जमल्याशिवाय पुढे कुणी जाणार नाही.
– दिवे घाटात ट्रक, एसटी भरपूर. एका रांगेत डाव्या बाजूने, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत उतरा. मस्तानी तलावाचा फोटो हवा असेल तर सायकल पूर्ण रस्त्याबाहेर घेऊन काढा. वळणावर थांबणाऱ्याला पुढची राइड नाही.

नवीन सभासदांनी ब्रेक-पॅड शनिवारीच तपासून घ्यावेत. येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका, मिसळवाल्याला आकडा सांगायचा आहे.