'दामेलो' हा एक शब्द नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या स्पॅनिशच्या चौकटीत गेल्या वेळी 'दामे – मला दे' असं छापलं होतं आणि त्याच्याच खाली 'नो दामे – मला देऊ नकोस'. पहिलं बरोबर आहे, दुसरं साफ चूक. स्पॅनिश बोलणारा माणूस म्हणेल 'नो मे देस'. नकार आला की शेपटीला चिकटलेला 'मे' तिथून उठतो, क्रियापदाच्या आधी येऊन बसतो आणि क्रियापदही आपलं रूप बदलतं. यात परकं असं काही नाही. 'दे' चं 'देऊ नकोस' आपणही करतोच, 'दे नको' म्हणत नाही. चौकट लिहिणाऱ्यांनी स्वतः दिलेला मराठी अर्थ जरा निरखून पाहिला असता, तरी शंका यायला हवी होती.

माझा या विषयातला अधिकार पुस्तकी नाही. मी गाड्यांचे सुटे भाग तपासणारा माणूस, आता निवृत्त. कंपनीने मला तीन वर्षं मेक्सिकोत, केरेतारोच्या कारखान्यात पाठवलं होतं. निघण्यापूर्वी अशाच एका तक्त्यावरून 'दामेलो – ते मला दे' हा अख्खा शब्द मी घोकला होता. त्याच्या पोटात काय आहे ते बघितलं नव्हतं. पोटात तिघे आहेत: 'दा' म्हणजे दे, 'मे' म्हणजे मला, 'लो' म्हणजे ते. आधी कोणाला, मग काय. आपल्याकडे 'मला ते दे', 'ते मला दे', 'दे ते मला', काहीही चालतं. तिथे 'दालोमे' म्हटलंत तर समोरचा नुसता बघत राहतो.

तिथल्या कामगारांच्या तोंडी व्हर्निअरला (बारीक मापं घ्यायचं साधन) 'वेर्निएर' असंच नाव होतं. पहिल्या दिवशी तेवढ्या एका शब्दाने जीव भांड्यात पडला. माझ्या हाताखाली विशीतला एक पोरगा होता आणि शेजारच्या टेबलावर साठीला टेकलेले एक मिस्त्री, ज्यांच्या नावाआधी सगळे 'दोन' लावत (आकडा नव्हे, आपल्या 'राव'सारखा मान). मी पोराला म्हणालो 'देमेलो' आणि मिस्त्रींना म्हणालो 'दामेलो'. मराठी कानाला 'दे' हे एकेरीच वाटणार! तिथे नेमकं उलटं आहे. 'दा' म्हणजे दे आणि 'दे' म्हणजे द्या. पोराने मान वळवून मागे कोणी साहेब उभा आहे का ते पाहिलं. मिस्त्रींनी व्हर्निअर दिला, पण माझ्या पुढे केलेल्या हातात नाही, टेबलावर ठेवला. मला कळायला आठवडा गेला. मग त्यांची माफी मागायला गेलो, तेव्हा तेही हसले.

दुसरी फजिती 'दासेलो'ची. मोजमाप झाल्यावर मिस्त्री मला एवढंच म्हणाले. 'से' म्हणजे स्वतःला, असं मी शिकलेलो. म्हणून व्हर्निअर ऐटीत स्वतःच्या खिशात टाकला. ते सांगत होते, त्या पोराला दे. 'त्याला' यासाठी 'ले' आणि 'ते' यासाठी 'लो', पण 'ले लो' अशी जोडी (हिंदीत ती कितीही चालो) स्पॅनिश शेजारीशेजारी येऊ देत नाही. पहिल्याचा 'से' होतो. हा 'से' आणि 'स्वतःला'चा 'से' दिसायला सारखे, पण नात्याचे नाहीत. जुन्या स्पॅनिशमध्ये या जागी 'झे'सारखा उच्चार होता, तो घासून घासून 'से' झाला. त्याला, तिला, त्यांना, सगळ्यांना हाच एक. कोणाला द्यायचं ते समोरच्याच्या नजरेवरून ओळखायचं, आणि मी तेव्हा व्हर्निअरकडे बघत होतो.

आपण हे शब्द देवनागरीत छापता याला माझी हरकत नाही, पण त्यात आघात हरवतो. रोमन लिपीत 'दामे'वर काही खूण नसते, 'दामेलो'च्या 'दा'वर मात्र तिरकी रेघ येते. शेपूट वाढली तरी जोर मूळ जागेवरून हलत नाही, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून. 'पासामेलो' (ते माझ्याकडे सरकव) मध्ये तर जोर शेवटून चौथ्या अक्षरावर, म्हणजे 'पा'वर. आपण मंडळी जाऊन 'मे'वर आदळतो. रेघेचे नियमही मध्ये बदलले. 'द्या मला' या अर्थाच्या 'देमे'वर पूर्वी रेघ असे, 1999च्या नियमांपासून ती गेली. माझ्याकडचं जुनं व्याकरण अजून ती रेघ दाखवतं आणि मी बरेच दिवस ती इमानेइतबारे देत होतो. याच सुमाराला ध्यानात आलं की इन्स्तितुतो सेरबांतेस या स्पॅनिश शिकवणाऱ्या संस्थेच्या ज्या परीक्षेची तयारी करत होतो, तिचं आद्याक्षरांचं नाव 'देले', म्हणजे चक्क 'त्याला द्या'!

बाकी नियम थोडका आहे. होकारी आज्ञा, मूळ रूप ('दार', देणे) आणि 'दान्दो' (देत) यांच्या शेवटी सर्वनाम चिकटतं, इतरत्र क्रियापदाच्या आधी सुटं येतं. 'ते तुला देणार आहे' हे 'बोय आ दार्तेलो' असंही चालतं आणि 'ते लो बोय आ दार' असंही. मधेच कुठे घुसवलेलं चालत नाही.

एका ठिकाणी मात्र आपली लिपी त्यांच्यावर मात करते. 'साल' म्हणजे बाहेर पड. त्याला 'ले' जोडलं, त्याला सामोरा जा अशा अर्थाने, तर बोलायला अडचण नाही, पण लिहिता येत नाही. दोन 'ल' शेजारी आले की स्पॅनिश वाचक त्याचा 'य' करतो. भाषेचे नियम ठरवणाऱ्या त्यांच्या अकादमीनेही हे रूप लिहिता येत नाही असंच सांगून टाकलंय. आपण 'साल्ले' लिहून मोकळे. (शिवीसारखं दिसतं, त्याला इलाज नाही.)

तेव्हा विनंती एवढीच: पुढच्या रविवारी 'नो मे देस' अशी दुरुस्ती छापावी. आणि असा शब्द पहिल्यांदा देताना 'दा-मे-लो' असा तोडून द्यावा, जोराचं अक्षर ठळक करावं. आज्ञा कोणाला, पोराला की मिस्त्रींना, तेही कंसात लिहावं.

आपला,
एक निवृत्त गुणवत्ता निरीक्षक