प्रत्येक गटाला स्वतःचे वायुपात्र मिळावे : शालेय प्रयोगशाळेसाठी साहाय्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, स्वतः मात्र खर्ची पडत नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहे. ते पडताळून पाहण्याची सोय मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत नाही. आजवर शिक्षक पोटॅशियम क्लोरेट आणि उत्प्रेरक म्हणून मँगनीज डायऑक्साइड एकत्र तापवून ऑक्सिजन तयार करून दाखवत, आणि मागच्या बाकांवरून दिसे ती फक्त शेवटी पेटलेली काडी. गेल्या वर्षी वायू पाण्याच्या द्रोणीत नेणारी वाहकनळी पाण्याबाहेर काढण्याआधीच बर्नर विझवला गेला, द्रोणीतले पाणी तापलेल्या परीक्षानळीत उलटे चढले आणि कठीण काचेची आमची शेवटची नळी तडकली.

यंदा समितीने हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत निवडली आहे, कारण तिला ज्योत लागत नाही. शंकूपात्रात मोजून 1 ग्रॅम मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड घ्यायची, थिसल नरसाळ्यातून (लांब दांड्याच्या नरसाळ्यातून) विरल पेरॉक्साइड थोडे थोडे सोडायचे, पहिले बुडबुडे हवेचे म्हणून जाऊ द्यायचे आणि मग पाण्याने भरून उपड्या ठेवलेल्या वायुपात्रात वायू जमवायचा. सुमारे 3 टक्क्यांच्या 100 मिलिलिटर द्रावणातून साधारण 1 लिटर ऑक्सिजन, म्हणजे 250 मिलिलिटरची चार पात्रे मिळतात. त्यानंतर पूड गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा तोलायची. ती होती तेवढीच भरते का, हे मुलांनी स्वतः पाहावे यासाठीच हा सारा खटाटोप आहे. धुमसती काडी भडकण्याची मौज वरकड.

सहा गटांसाठी शंकूपात्रे, थिसल नरसाळी, दोन छिद्रांची रबरी बुचे, वाहकनळ्या, वायुपात्रे आणि सुरक्षा चष्मे हवे आहेत. सर्वांत निकड आहे ती 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या तराजूची, कारण त्याच्याविना प्रयोगाचा उत्तरार्धच होणार नाही. वापरलेली, पण तडा न गेलेली काचपात्रे आम्ही आनंदाने घेऊ. घरात पडून असलेली रसायने मात्र कृपया आणू नयेत: कोळशाची पूडही काळीच दिसते, आणि ती चुकून क्लोरेटमध्ये मिसळून तापवली गेल्यास स्फोट होतो.

वस्तू किंवा देणगी शाळेच्या कार्यालयात जमा करून पावती घ्यावी. प्रयोगाच्या दिवशी गटांजवळ उभे राहू शकणाऱ्या पालकांनीही आपले नाव तेथेच नोंदवावे.

आपली नम्र,
शालेय विज्ञान समिती