आई-बाबा, घर मिळालं, माझ्या नावावर

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवरच सांगणार होते, पण आई तू रडायला लागलीस की माझंही बोलणं तिथेच थांबतं आणि बाबा तुम्ही लगेच एफडीचा विषय काढता, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून मोठ्याने वाचा, आणि आई मधे मधे प्रश्न विचारू नकोस, सगळं लिहिलंय पुढे.

घर मिळालं. इथेच न्यू जर्सीत, एडिसनलाच, दोन बेडरूम, एका वर्षाचं लीज म्हणजे भाडेकरार, फक्त माझ्या नावावर. सही झाली, डिपॉझिट भरलं. म्हणजे सांगलीला कायमचं परत यायचं का, हा विषय मी माझ्यापुरता मिटवलाय. रागावू नका. तुमच्याजवळ राहायचं नाही असं अजिबात नाहीये, तुम्ही दोघंच तिथे आहात हे मनातून एक मिनिट जात नाही, पण पिल्लूची शाळा इथे आहे, तिचे बाबा इथे आहेत, तिला त्यांना भेटायचं असतं आणि ते मला तोडायचं नाहीये.

आई तू सारखी विचारत होतीस ना, नोकरी आहे, पगार आहे, मग घर द्यायला एवढे आढेवेढे कशाला? तर इथे फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो, आधी कुठे भाड्याने राहत होता, मालकाचा फोन नंबर द्या. ते मालकाला विचारतात भाडं वेळेवर येत होतं का. माझ्याकडे सांगायला मालकच नाही, इतकी वर्षं आम्ही स्वतःच्या घरात राहिलो. बरं, घराचं कर्ज तरी दाखवावं तर ते पिल्लूच्या बाबांच्या एकट्याच्या नावावर, कारण घर घेतलं तेव्हा मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर होते, कामाची परवानगीच नव्हती, तो नियम २०१५ ला बदलला. घराच्या कागदावर माझं नाव होतं, कर्जावर नव्हतं. नोकरी लागल्यापासून अर्धा हप्ता माझ्या पगारातून गेलाय पण माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कुणाचं कर्ज कसं फेडलं याच्या नोंदीत, त्याचा मागमूस नाही. गाडीचं लोन आणि कार्ड दिसतं, सगळं वेळेवर भरलेलं, स्कोअरही चांगला आहे, तरी एका मोठ्या कॉम्प्लेक्सकडून ईमेल आलं की भाड्याचा इतिहास सापडत नाही, को-साइनर आणा, म्हणजे माझं भाडं थकलं तर भरायची हमी देऊन सही करणारा.

बाबा, तुम्ही म्हणालात मी सही करतो. तुमच्या या एका वाक्यावर मी त्या दिवशी किती रडले ते सांगत नाही. पण को-साइनर अमेरिकेत राहणारा, इथे कमावणारा लागतो. तुमची पेन्शन, गावभागातलं घर, सगळं खरं आहे, पण त्यांच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. इथल्या मैत्रिणीचा नवरा तयार होता, मीच नको म्हणाले. उद्या माझं भाडं थकलं तर ते त्याच्या दारात जाणार. काकांच्या त्या कागदावर तुम्ही सही केल्यावर आपल्या घरात काय झालं ते मी पाहिलंय, तेव्हा कुणी माझ्यासाठी सही करावी हे मला नकोच होतं.

मग मी फाइल केली. दोन वर्षांची बँक स्टेटमेंट्स छापली आणि माझ्या खात्यातून हप्त्याचे पैसे गेलेत त्या ओळीवर दर महिन्याला पिवळा हायलायटर मारला. पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-टू म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कराचा कागद, ऑफिसचं पत्र, घटस्फोटाची कोर्टाची ऑर्डर. वर एक पानी चिठ्ठी, की घर विकलंय, म्हणून मालकाचं नाव नाही, पण घराचे पैसे मी असे भरत आलेय, तपासून बघा. आणि मेलवर पाठवायच्या ऐवजी स्वतः घेऊन गेले. ऑफिसात एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी प्रत्येक पिवळी ओळ बोट ठेवून पाहिली, काही न बोलता, मला घाम फुटला होता. भाडं २,४०० डॉलर, महिन्याची कमाई त्याच्या तिप्पट लागते म्हणजे ७,२००. नुसत्या पगारात थोडं कमी पडत होतं, पण पिल्लूसाठी तिच्या बाबांकडून येणारे पैसे धरून बसतं, आणि न्यू जर्सीच्या कायद्याने ते उत्पन्न नाही असं म्हणून नाकारता येत नाही. आई, आणि तुझी ती काळजी, की एकटी बाई बघून लोक घर देतील का. घटस्फोट झालाय किंवा लहान मूल आहे म्हणून नाही म्हणणं इथे बेकायदेशीर आहे, मला कुणाला काही समजावत बसावं लागलं नाही.

इतिहास नाही म्हणून त्यांनी दीड महिन्याचं डिपॉझिट घेतलं, ३,६००. त्याहून जास्त इथे घेता येत नाही. एका ठिकाणी तीन महिन्यांचं मागितलं होतं, तिथून मी उठून आले. हे पैसे व्याजाच्या खात्यात ठेवायचे, कुठल्या बँकेत ते मला ३० दिवसांत लेखी कळवायचं, आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत परत. म्हणजे बुडत नाहीत बाबा.

ओक ट्री रोडजवळ एकांच्या घराचा वरचा मजला स्वस्तात मिळत होता, कागद नको, कॅश द्या म्हणाले, तुम्हाला तो आवडला होता माहितीये. पण मालक स्वतः खालीच राहत असेल तर लीज संपल्यावर तो जा म्हणू शकतो. कॉम्प्लेक्समध्ये भाडं वेळेवर देत राहिले, नियम पाळले, तर कायद्यात बसणाऱ्या कारणाशिवाय मला काढता येत नाही. पिल्लूला पुन्हा बॅगा भरायला लावायच्या नाहीत मला. शिवाय कॅश दिली तर उद्या परत दाखवायला माझ्याकडे काहीच नाही, आता वर्षभरात माझा स्वतःचा इतिहास होईल.

घर छान आहे गं आई. तळमजला, पायऱ्या दोनच, तुझ्या गुडघ्याला चालतील. हीटिंग आणि गरम पाणी भाड्यातच, थंडीत काटकसर करणार नाही, शपथ. किचनला खिडकी आहे, भारतीय दुकान चालत जाता येईल एवढं जवळ, भाकरीचं पीठ मिळतं. कपडे धुवायला बेसमेंटला जावं लागतं एवढंच. देव पूर्वेला तोंड करून बसतील अशी जागा बघून ठेवलीये.

कागदं लावताना सारखे तुम्ही आठवत होतात बाबा. २०१९ च्या पुरात पाणी दारात आलं तेव्हा आई लोणच्याच्या बरण्या उचलत होती आणि तुम्ही ती पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन माळ्यावर. मी इथून फोनवर ओरडत होते की सोडा ते सगळं, आधी तुम्ही वर जा. माझं दहावीचं मार्कलिस्ट होतं त्या पेटीत. मे महिन्यात गच्चीवर तुमच्या दोघांच्या मधे झोपायचं आणि बाबांचा हात उशाला, तसं एकदा झोपायचंय हो मला.

आता ऐका. एफडी मोडायची नाही, अजिबात नाही, व्याजही जातं आणि मला गरजही नाही. बीपीचं मशीन कपाटात ठेवायला दिलं नव्हतं, रोज सकाळी मोजून आकडा मला पाठवायचा. गीझरचा प्लंबर या आठवड्यात बोलवा. बाबा, स्टुलावर चढून जळमटं काढायची नाहीत. आई, पापड-लोणचं बंद, डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. आणि शेजारी कुणी विचारलं तर मान खाली घालू नकोस, लेकीने घर घेतलंय म्हणून सांग, भाड्याचं का असेना.

तुमचा व्हिसा अजून चालू आहे. जास्त दिवस पाहुणे ठेवायचे तर इथे परवानगी लागते, म्हणून मी आधीच विचारून तुमच्या दोघांची नावं लेखी घालून घेतलीत. मोठी बेडरूम तुमची. फक्त बाबा, डोळ्याचं ऑपरेशन आधी उरकून घ्या, पुढे ढकलू नका, तारीख ठरली की कळवा, त्याप्रमाणे तिकिटं बघते.

तुमची,
चिमणी